दूरध्वनी, वीज आणि घरखर्च : खानदेशातील देयकांचा विचार

सामान्य कुटुंबाच्या जमाखर्चात धान्य, कापडचोपड, औषधपाणी आणि मुलांचे शिक्षण या बाबींचा विचार पूर्वापार होत आला आहे. गेल्या तीन दशकांत या वहीत एका नव्या खात्याची भर पडली. भ्रमणध्वनी, वीज, स्वयंपाकाचा गॅस, दूरचित्रवाणी आणि पाणीपट्टी यांची देयके हे ते खाते होय. यांतील प्रत्येक रक्कम स्वतंत्रपणे पाहिली असता किरकोळ वाटते. परंतु त्यांची वर्षाची बेरीज कोरडवाहू शेतकऱ्याच्या बी-बियाण्याच्या खर्चाशी स्पर्धा करू लागली आहे. धुळे जिल्ह्याच्या परिस्थितीत या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे, आणि तो लक्षात घेतल्याशिवाय बचतीचा कोणताही उपदेश व्यर्थ ठरेल.

धुळे, साक्री, शिंदखेडा आणि शिरपूर या चार तालुक्यांच्या जिल्ह्यात कापूस हे अनेक घरांचे नगदी पीक आहे. कापसाचा पैसा साधारणतः दिवाळीच्या सुमारास येऊ लागतो आणि माघ-फाल्गुनापर्यंत संपत येतो. देयके मात्र महिन्याच्या महिन्याला येतात. त्यातही विजेचे देयक सर्वाधिक येते ते वैशाखात, जेव्हा तापमापकातील पारा ४३-४४ अंशांच्या पुढे जातो, पंखे व कूलर रात्रंदिवस चालतात आणि घरात रोकड सर्वांत कमी असते. उत्पन्न वार्षिक व खर्च मासिक, ही विसंगती शहरातील पगारदाराला जाणवत नाही. खेड्यातील थकबाकीचे मूळ पुष्कळदा उधळपट्टीत नसून या विसंगतीत असते.

काळाचे देयक आणि वापराचे देयक

दूरध्वनी व वीज ही दोन देयके वरवर सारखी दिसली, तरी त्यांची जात निराळी आहे. विजेचे देयक वापरावर आकारले जाते. दिवा विझविला की खर्च थांबतो. भ्रमणध्वनीचे देयक आता काळावर आकारले जाते. फोन वापरा अगर न वापरा, ठरावीक दिवस उलटले की पैसे संपले. एका देयकात हात आखडून वापरल्याने बचत होते, तर दुसऱ्यात तसे केल्याने काहीच वाचत नाही. तेथे बचत होते ती योजना निवडताना. हा भेद न कळल्यामुळे अनेक कुटुंबे फोनवर कमी बोलून आणि पंखा मात्र मोकळ्या खोलीत फिरता ठेवून काटकसर केल्याचे समाधान मानतात.

पूर्वी तसे नव्हते. एस.टी.डी. बूथवरील यंत्राचे लाल आकडे पाहत संभाषण आवरते घेणारी पिढी आजही हयात आहे. रात्री उशिरा दर पाव होत असे, म्हणून बूथसमोर त्या वेळी रांगा लागत. भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीस झाले. त्या आरंभीच्या काळात मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर पडे, आणि येणाऱ्या फोनलाही पैसे मोजावे लागत. १९९७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची स्थापना झाली. मे २००३ पासून येणारे फोन निःशुल्क झाले. येणारा फोन फुकट आणि जाणारा विकत, या व्यवस्थेतून 'मिस्ड कॉल'ची सांकेतिक भाषा जन्मास आली. एकदा घंटी म्हणजे पोहोचलो, दोनदा म्हणजे उलट फोन करा, असे संकेत घरोघरी ठरलेले असत. सप्टेंबर २०१६ नंतर अमर्याद संभाषणाच्या योजना सार्वत्रिक झाल्या आणि ही भाषा निरर्थक ठरली. मिनिटाचा भाव शून्यावर आला, पण महिन्याचे भाडे कायम झाले. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ मध्ये हे भाडे टप्प्याटप्प्याने वाढले.

सुरतेची वाट आणि दोन सिमकार्डे

खानदेशात भ्रमणध्वनीच्या खर्चाचा इतिहास सुरतेच्या उल्लेखावाचून पुरा होत नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर या भागांतील हजारो माणसे पोटापाण्यासाठी सुरतेस गेली. तेथील उधना, लिंबायत या वस्त्यांत अहिराणी कानी पडते ती यामुळेच. साक्रीच्या पश्चिमेकडील आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत उतरतात. महाराष्ट्र व गुजरात ही दूरसंचाराची स्वतंत्र परिमंडळे आहेत. त्यामुळे गावाकडचे सिमकार्ड घेऊन नवापूरची हद्द ओलांडली की 'रोमिंग' लागू होई आणि गावाहून आलेला फोन उचलण्यासही पैसे पडत. यावर लोकांनीच उपाय शोधला. कामावर असताना गुजरातचे सिमकार्ड व गावी परतल्यावर महाराष्ट्राचे, अशी दोन सिमकार्डे प्रत्येकाच्या खिशात आली.

तो उपाय त्या काळी शहाणपणाचा होता. परंतु पुढे परिस्थिती पालटली. नियामक प्राधिकरणाने परराज्यात येणाऱ्या फोनवरील आकाराची कमाल मर्यादा २०१३ मध्ये मिनिटाला ७५ पैसे व २०१५ मध्ये ४५ पैसे केली, आणि त्यानंतरच्या अमर्याद योजनांत हा आकार उरलाच नाही. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ रोजी देशभर लागू झाली होती. ३ जुलै २०१५ पासून तोच क्रमांक दुसऱ्या राज्यातही नेता येऊ लागला. म्हणजे दोन सिमकार्डांचे मूळ कारण नाहीसे झाले. सवय मात्र राहिली. पूर्वी दुसरे सिमकार्ड न वापरता पडून असले तरी त्याचा खर्च नगण्य असे. आता ते चालू ठेवण्यासाठीही ठरावीक मुदतीचे रिचार्ज करावे लागते.

याचा हिशेब उदाहरणाने पाहू. २८ दिवसांचे रिचार्ज दोनशे रुपयांचे आहे असे केवळ गणितासाठी धरू. लोक मनाशी वर्षाचे बारा महिने मोजतात व खर्च २,४०० रुपये समजतात. परंतु २८ दिवसांचा महिना वर्षात बारा वेळा नव्हे, तर तेरा वेळा येतो. प्रत्यक्ष खर्च २,६०० रुपये होतो. तेराव्या महिन्याचे हे दोनशे रुपये कोणत्याही जाहिरातीत दिसत नाहीत. कुटुंबात पती, पत्नी आणि दोघांची दोन-दोन सिमकार्डे असतील तर वर्षाचे १०,४०० रुपये झाले; पैकी ५,२०० रुपये केवळ जुन्या सवयीचे. शिवाय या रकमेत १८ टक्के वस्तू व सेवा कर अंतर्भूत असतो, म्हणजे दोनशे रुपयांपैकी सुमारे साडेतीस रुपये कराचे आहेत.

२८ दिवसांबाबत ग्राहकांच्या तक्रारी वाढल्यावर नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये नियम केला, की प्रत्येक कंपनीने किमान एक योजना पूर्ण ३० दिवसांची आणि एक योजना दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवलीच पाहिजे. डिसेंबर २०२४ मधील सुधारणा ग्रामीण घरांच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. तीनुसार इंटरनेट नको असलेल्या ग्राहकासाठी केवळ संभाषण व संदेश यांची योजना देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले, आणि अशा विशेष योजनांची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस करण्यात आली. साधा बटणाचा फोन वापरणाऱ्या वृद्ध आईवडिलांना रोजच्या दीड जीबी इंटरनेटचे पैसे भरायला लावणे यात कसलाच अर्थ नाही. तरीही दुकानदाराने जे रिचार्ज सुचविले ते मारून घेण्याची प्रथा आहे. दुकानदाराला 'फक्त बोलण्याचे, लांब मुदतीचे' असे स्पष्ट शब्दांत विचारल्याखेरीज अशा योजनेचा उल्लेख सहसा होत नाही.

वर्षभराच्या मुदतीची योजना कापसाचे पैसे हाती असताना घेतली, तर आरंभी सांगितलेली विसंगती निदान या एका देयकापुरती मिटते. यातून केवळ पैसेच वाचतात असे नाही. मुदत संपून काही दिवस गेल्यावर फोनवर संदेश येणेही बंद होते, आणि आज गॅस सिलिंडर घरी देताना विचारला जाणारा सांकेतिक अंक, बँकेत जमा झालेल्या अनुदानाची सूचना, शाळेचा निरोप, हे सारे त्याच फोनवर येते. वैशाखात रिचार्ज चुकलेल्या घराला पीकविम्याच्या नोंदणीचा अंक न मिळाल्यामुळे तालुक्याला दोन खेपा घालाव्या लागल्या, तर वाचलेल्या पैशांची किंमत सहज निघून जाते. काटकसर करताना कोणता क्रमांक बँक व आधार यांच्याशी जोडला आहे हे आधी पाहावे आणि बंद करायचा असेल तर दुसरा बंद करावा.

कंपनी बदलण्याची कृती सोपी आहे. इंग्रजीत 'पोर्ट' हा शब्द, एक जागा सोडून स्वतःचा दहा अंकी क्रमांक, असा संदेश १९०० या क्रमांकावर पाठविला असता आठ अक्षरांचा संकेत येतो. तो चार दिवस वैध असतो. त्या अवधीत तो नव्या कंपनीच्या केंद्रावर दाखवावयाचा. सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस झालेले असावेत व मासिक देयकाची जोडणी असेल तर थकबाकी नसावी, एवढ्याच मुख्य अटी आहेत. शिल्लक रक्कम व उरलेली मुदत मात्र नव्या कंपनीकडे येत नाही, म्हणून मुदत संपत आली असतानाच बदल करणे श्रेयस्कर. न मागता लागू झालेल्या गाण्यांच्या वा भविष्याच्या सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा निःशुल्क क्रमांक आहे. आपल्या नावावर एकूण किती सिमकार्डे चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या सुविधेवर पाहता येते. स्थलांतरित मजुरांनी ते अवश्य पाहावे, कारण परगावी घेतलेली व विसरलेली कार्डे त्यांच्याच नावावर असतात.

विजेचे देयक कसे वाचावे

धुळे, जळगाव व नंदुरबार हे तीन जिल्हे महावितरणच्या जळगाव परिमंडळात मोडतात. महावितरण ही कंपनी राज्य विद्युत मंडळाच्या विभाजनातून जून २००५ मध्ये अस्तित्वात आली. विजेचे दर मात्र ती स्वतः ठरवीत नाही, ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग जाहीर सुनावणीनंतर ठरवितो.

देयकावर अनेक आकडे असतात, परंतु प्रथम पाहावयाचे ते दोनच : चालू रीडिंग आणि मागील रीडिंग. त्यांतील वजाबाकी म्हणजे युनिट. त्यानंतर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सर्वांवरील १६ टक्के वीज शुल्क अशी बेरीज होते. स्थिर आकार काही न वापरताही द्यावाच लागतो. उरलेले आकार युनिटांवर अवलंबून असतात, आणि सारे मर्म तेथेच आहे.

घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो. २०२४-२५ या वर्षी पहिल्या १०० युनिटांना वीज आकार प्रतियुनिट ४ रुपये ७१ पैसे होता. १०१ ते ३०० युनिटांना तो १० रुपये २९ पैसे व ३०१ ते ५०० युनिटांना १४ रुपये ५५ पैसे होता. यात प्रत्येक युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार मिळवावयाचा. दर वेळोवेळी बदलतात, पण पायऱ्यांची पद्धत तीच राहते. एक गैरसमज सर्वत्र आढळतो, की १०० च्या वर एक युनिट गेले तर सर्वच युनिटांना वरचा दर लागतो. तसे नाही. पहिली १०० युनिटे पहिल्याच दराने राहतात. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की वाचविलेले प्रत्येक युनिट हे सर्वांत महाग युनिट असते.

समजा, सोनगीर येथील एका कुटुंबाने त्या वर्षीच्या दराने मे महिन्यात २४० युनिटे वापरली. स्थिर व इंधन समायोजन आकार बाजूला ठेवू. पहिल्या १०० युनिटांचे ५८८ रुपये, उरलेल्या १४० युनिटांचे १,६०४ रुपये ४० पैसे, मिळून २,१९२ रुपये ४० पैसे. त्यावर १६ टक्के शुल्क धरून सुमारे २,५४३ रुपये झाले. आता ६० युनिटांची बचत केली व वापर १८० वर आणला, तर हीच रक्कम सुमारे १,७४६ रुपये होते. वापर चतुर्थांशाने घटला, देयक मात्र जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने उतरले.

ही ६० युनिटे कोठून काढावयाची? साध्या छतपंख्याला सुमारे ७५ वॉट लागतात. दिवसाचे बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिटे. नव्या पद्धतीच्या, ब्रशविरहित मोटारीच्या पंख्याला ३० वॉटच्या आसपास पुरतात, म्हणजे ११ युनिटांच्या आत भागते. तीन पंखे बदलले की जवळपास ४९ युनिटांची बचत झाली. मात्र येथे विवेक हवा. ज्या घराचा वापर बारमाही १०० युनिटांच्या आत आहे तेथे वाचलेले युनिट स्वस्त दराचे असल्याने नव्या पंख्याची किंमत वसूल व्हायला दुप्पट काळ लागतो. अशा घराने धडधाकट पंखा मोडीत काढू नये. जुना बिघडेल तेव्हाच नवा असा घ्यावा. १ जानेवारी २०२३ पासून छतपंख्यांवर ऊर्जाक्षमतेचे तारांकन सक्तीचे झाले आहे, ते खरेदीच्या वेळी पाहावे.

खानदेशात कूलरचा विचार स्वतंत्रपणे करणे भाग आहे. १८० वॉटचा कूलर दहा तास चालला तर महिन्याला ५४ युनिटे घेतो, म्हणजे तो एकटाच घराला पहिल्या पायरीवरून दुसरीवर ढकलतो. येथील हवा उन्हाळ्यात कोरडी असल्याने कूलर उत्तम काम देतो यात शंका नाही. परंतु खिडकी-दार बंद करून कूलर लावणे ही चूक फार घरांत होते. आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोली दमट होते, गारवा कमी जाणवतो आणि यंत्र अधिक वेळ चालवावे लागते. पत्र्याच्या घरावर दुपारच्या आधी टाकलेले पऱ्हाटीचे वा गवताचे आच्छादन, पांढरा चुना, पश्चिमेच्या भिंतीला सावली या जुन्या युक्त्यांनी कूलरचे दोन-तीन तास सहज वाचतात. पऱ्हाटी घरावर घालताना ती चुलीपासून व वीजतारांपासून दूर असावी.

दिव्यांच्या बाबतीत आता फारसे सांगावयाचे उरले नाही. ६० वॉटच्या जागी ९ वॉटचा एल.ई.डी. दिवा बहुतेक घरांत आला आहे. दूरचित्रवाणी संच व त्याची पेटी केवळ दूरनियंत्रकाने बंद केली तर १० वॉटपर्यंत वीज घेत राहते. दिवसाचे वीस तास असे गेले तर महिन्याला सहा युनिटे होतात. भिंतीवरील कळ दाबण्याचे श्रम एवढे महाग नाहीत.

काही सवलती मागितल्याशिवाय मिळत नाहीत किंवा वेळ चुकल्यास जातात. देयकाच्या तारखेपासून सात दिवसांत रक्कम भरल्यास एक टक्का सूट मिळते. मुदत टळल्यास सव्वा टक्का विलंब आकार बसतो. छापील कागदाऐवजी केवळ ई-मेलवर देयक स्वीकारणाऱ्यास प्रत्येक देयकामागे दहा रुपये सूट आहे. १ जुलै २०२५ पासूनच्या दररचनेत वेळनिहाय नोंद करणारे स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या काळातील वापरावर युनिटामागे ८० पैसे ते एक रुपया सवलत ठेवण्यात आली. एस.टी.डी.च्या काळात जशी रात्र स्वस्त होती, तसा आता विजेसाठी दिवस स्वस्त झाला, हे सूर्यशक्तीचे फळ आहे. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हा असे काही होईल याची कल्पना फार थोड्यांना असेल. पाण्याची मोटार, गिरणी, कपडे धुण्याचे यंत्र यांचा वापर दुपारी हलविणे अशा ग्राहकाला सहज शक्य आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत छतावरील एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार व तीन किलोवॉट आणि त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॉटचा संच महिन्याला सुमारे १२० युनिटे देतो. ज्या घराचा वापर सातत्याने १५०-२०० युनिटांच्या पुढे आहे त्याने ही योजना गांभीर्याने घ्यावी. ६० युनिटे वापरणाऱ्याने त्यासाठी कर्ज काढण्याची घाई करू नये.

सरासरीचे देयक आणि धमकीचा संदेश

ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाच्या घराला चार-पाच महिने कुलूप असते. मीटर घरात असेल तर वाचन होत नाही आणि देयक सरासरीने निघते. देयकावर 'कुलूपबंद' वा 'रीडिंग उपलब्ध नाही' अशा अर्थाचा शेरा असतो; तो कोणी पाहत नाही. परत आल्यावर मोठी रक्कम दिसते, ती भरली जात नाही, थकबाकी साचते आणि अखेर जोडणी तुटते. वास्तविक खरे वाचन कळवून देयक दुरुस्त करून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. दोन-तीन महिन्यांची युनिटे एकदम आली असतील, तर दरांच्या पायऱ्या महिन्यांच्या प्रमाणात विभागून लावणे आवश्यक असते. नाहीतर सारा वापर एकाच महिन्यात झाल्यासारखा महाग दर लागेल. मीटर बाहेरच्या भिंतीवर घेतल्यास हा प्रश्न बहुतांशी मिटतो. जाताना मीटरचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि शक्य असल्यास महावितरणच्या मोबाइल सुविधेवरून स्वतः वाचन पाठवावे. कार्यालयात दाद न लागल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी व्यवस्था आहे. मंचापुढे जाण्यास वकिलाची गरज नसते.

विद्युत अधिनियम, २००३ चे कलम ५६ प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याजोगे आहे. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना देणे त्यानुसार बंधनकारक आहे. तसेच देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर एखादी रक्कम वसूल करता येत नाही, जर ती देयकांत सतत थकबाकी म्हणून दाखविलेली नसेल. पहिल्या तरतुदीचे ज्ञान आज वेगळ्याच कारणाने उपयोगी पडते. 'मागील बिल न भरल्याने आज रात्री साडेनऊ वाजता वीज कापली जाईल, अमुक क्रमांकावर फोन करा' असे बनावट संदेश २०२२ पासून मोठ्या प्रमाणावर आले, आणि त्यास बळी पडून अनेकांनी बँकेतील रक्कम गमावली. पंधरा दिवसांच्या लेखी सूचनेचा नियम ज्याला ठाऊक आहे तो अशा संदेशाने घाबरत नाही. शंका आल्यास १९१२ या क्रमांकावर विचारणा करावी. संदेशात दिलेल्या क्रमांकावर कदापि नाही.

गॅस, पाणी व इतर

स्वयंपाकाच्या गॅसबाबत बचतीची साधने सर्वश्रुत आहेत : झाकण, दाबपात्र, आधी भिजविलेली डाळ, निळी ज्योत. खानदेशी स्वयंपाकाचा काही भाग मात्र चुलीचाच राहणार. खापरावरची पुरणपोळी गॅसच्या शेगडीवर साधत नाही, आणि पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताची चव शेगडीवर येत नाही. हिवाळ्यात न्हाणीचे पाणी पऱ्हाटीवर तापविणाऱ्या घरांत सिलिंडर अधिक दिवस पुरतो हे उघड आहे. फक्त त्या धुराची जागा घराबाहेर असावी. उज्ज्वला योजनेतील लाभार्थींनी आपले अनुदान खात्यावर जमा होते की नाही हे पासबुकावर पडताळावे. आधार-जोडणीतील त्रुटीमुळे ते महिनोन्महिने थांबलेले असते व घरात कोणाला पत्ता नसतो.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत फेब्रुवारी २०१९ पासून हव्या त्या वाहिन्या सुट्या निवडण्याचा हक्क मिळाला आहे. संच घरात आणताना जो गठ्ठा लावला गेला तोच वर्षानुवर्षे चालू असतो, एवढेच येथे नमूद करणे पुरे.

पाणीपट्टी बहुतेक गावांत वार्षिक व ठोक असते. म्हणून एखाद्या घराने पाणी जपून वापरले तरी त्या घराचे देयक कमी होत नाही. कमी होते ते गावाच्या पंपाचे वीजदेयक, आणि ते सर्वांचेच असते. पांझरेकाठच्या फड पद्धतीत हा विचार शतकांपूर्वी रुजला होता. बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडांत येई, कोणत्या फडात कोणते पीक व कोणाची पाळी केव्हा हे गाव मिळून ठरवी आणि पाटकरी त्याची अंमलबजावणी करी. पाण्याचा खर्च सामाईक असेल तर त्याचा हिशेबही सामाईक हवा, हे त्या व्यवस्थेने जाणले होते. आजच्या नळयोजनेत पंपाचे देयक ग्रामसेवकाच्या फायलीत राहते व गावाला त्याची वार्ता थकबाकीनंतरच कळते.

पंचायत आणि शाळा

पथदिव्यांची गोष्ट यापेक्षा निराळी नाही. वीस वॉटचे पन्नास दिवे दिवसा बारा तास विनाकारण जळत राहिले, तर रोज १२ व महिन्याला ३६० युनिटे वाया जातात. सूर्योदयाला दिवे बंद करणारी वेळदर्शक कळ एका खांबावर बसविली की हे थांबते. तिच्या खर्चाची चर्चा कधीकधी दोन-दोन ग्रामसभांत रेंगाळते. तेवढ्या काळात तिची किंमत वाया गेलेली असते.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे पंप व पथदिवे यांची मागील बारा महिन्यांची युनिटे फळ्यावर मांडावीत. रुपये न मांडता युनिटे मांडावीत, कारण दरवाढीमुळे रुपयांची तुलना फसवी होते. ज्या महिन्यात आकडा अकस्मात चढला असेल तेथे गळकी जलवाहिनी, बिघडलेली झडप किंवा चुकीचे वाचन यांपैकी काहीतरी सापडेलच.

शिक्षकांना तर हे तयार पाठ्यसाहित्य आहे. सातवी-आठवीच्या गणितात शेकडेवारी व सरासरी शिकविताना पुस्तकातील काल्पनिक व्यापाऱ्याच्या नफ्यातोट्यापेक्षा घरच्या वीजदेयकाचे गणित मुलांना जवळचे वाटेल. प्रत्येकाने घरचे एक जुने देयक आणावे. ग्राहक क्रमांक व नाव झाकून घ्यावे. युनिटांची वजाबाकी, पायऱ्यांप्रमाणे आकारणी, त्यावर १६ टक्के शुल्क, आणि शेवटी छापील रकमेशी पडताळा, एवढा एक तास पुरतो. दुसऱ्या तासाला घरातील सिमकार्डांची संख्या, प्रत्येकाची मुदत व वर्षातील रिचार्जांची संख्या काढावी. ३६५ ला २८ ने भागले असता भागाकार १३ येतो व बाकी १ उरते. बारा महिन्यांच्या वर्षात हा तेरावा हप्ता कोठून आला हे वर्गात न सांगता मुलांना घरी विचारायला लावावे. मीटरची परीक्षाही मुलांकडून करवून घेता येईल : मोठ्यांच्या देखरेखीखाली घरातील सर्व कळा बंद कराव्यात आणि मीटरवरील लाल दिव्याची उघडझाप थांबते का ते पाहावे. ती चालूच राहिली तर घरातील एखादे उपकरण बंद करायचे राहिले आहे, जोडणीत गळती आहे किंवा शेजारी कोणाची तार आपल्या मीटरातून गेली आहे. यांपैकी शेवटची शक्यता असेल तर पुढील चौकशी मुलांकडे न सोपविता पालकांनी महावितरणच्या शाखा कार्यालयाकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी.